लॅप्स, अ‍ॅनेक्सेशन, खालसा : शब्दांच्या भेदावर गेलेली राज्ये

सातारा खालसा झाले, झाशी खालसा झाली, अवध खालसा झाले. मराठीत ही तिन्ही वाक्ये एकाच शब्दावर उभी आहेत, आणि म्हणूनच उत्तरपत्रिकेत हमखास एक घोटाळा होतो : दत्तक नामंजूर करून घेतलेल्या संस्थानांच्या यादीत अवधही जाऊन बसते. वास्तविक वाजिद अली शाहाला मुलगे होते. तिथे वारसाचा प्रश्नच नव्हता. १८५६ मध्ये कंपनीने अवध घेतले ते गैरकारभाराचा ठपका ठेवून. इंग्रजी कागदपत्रांत हा फरक शब्दांतूनच कळतो. सातारा आणि झाशी यांच्या बाबतीत तिथे ‘लॅप्स’ हा शब्द येतो, अवधच्या बाबतीत येत नाही.

आजचा धागा अशा समानार्थी भासणाऱ्या इंग्रजी शब्दांचा आहे. लांब आहे, पण विषय केवळ शब्दकोशाचा नाही. या शब्दांचा अर्थ कोणी लावायचा, यावर सिंहासने गेली आहेत.

प्रथम आपला शब्द पाहू. ‘खालसा’ मूळचा अरबी; अर्थ शुद्ध, निर्भेळ. फारसी राज्यकारभारातून तो मराठीत रुळला तेव्हा ज्या जमिनीचा वसूल जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारात जमा होतो ती जमीन खालसा, असा त्याचा अर्थ स्थिर झालेला होता. जहागीर खालसा करणे म्हणजे सरकारने दिलेली वस्तू सरकारने परत घेणे. आता ‘सातारचे राज्य खालसा झाले’ हे वाक्य पुन्हा वाचा. छत्रपतींची गादी ही कंपनी सरकारची जहागीर होती, असे या शब्दाने नकळत गृहीत धरलेले आहे. डलहौसीचा नेमका हाच दावा होता. त्याचे म्हणणे आपण दीडशे वर्षांहून अधिक काळ आपल्याच शब्दात उच्चारत आलो आहोत, हे मला तरी फार बोचते.

इंग्रजीकडे वळू. युद्धात जिंकून घेतले तर ‘कॉन्क्वेस्ट’. तहाने मुलूख तोडून दिला तर ‘सेशन’. वसईच्या १८०२ च्या तहात दुसऱ्या बाजीरावाने फौजेच्या खर्चासाठी जो प्रदेश लावून दिला तो या सदरातला. अपराधाबद्दल हक्क गमावला तर ‘फॉर्फीचर’. पूर्वी दिलेले परत घेतले तर ‘रिझम्प्शन’. आपल्या ‘खालसा’ला खरा जवळचा शब्द हा. ‘अ‍ॅनेक्सेशन’ म्हणजे जोडून घेणे. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी बांधण्याची कल्पना आहे. तो कारण सांगत नाही, फक्त कृती सांगतो. म्हणून ‘सातारा लॅप्स झाल्यामुळे अ‍ॅनेक्स केले गेले’ हे वाक्य बरोबर ठरते आणि ‘अवध लॅप्स झाले’ हे चूक.

उरले दोन शब्द, आणि तेच महत्त्वाचे आहेत : ‘एस्चीट’ आणि ‘लॅप्स’. दोन्हींच्या मुळाशी ‘पडणे’ हा धातू आहे. एस्चीट हा सरंजामी इंग्लंडचा शब्द. जमीन धारण करणारा निर्वारस मेला की जमीन ज्या उमरावाकडून मिळाली होती त्याच्याकडे परत जाते, ते एस्चीट. हे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची कीर्ती इतकी वाईट होती की इंग्रजीतला ‘चीट’ हा फसवणुकीचा शब्द याच एस्चीटचे शेपूट आहे. लॅप्सचे घराणे वेगळे, चर्चच्या कायद्यातले. एखाद्या चर्चवर पाद्री नेमण्याचा हक्क असलेल्या जमीनदाराने सहा महिन्यांत नेमणूक केली नाही, तर तो हक्क त्या खेपेपुरता बिशपकडे जाई. याला लॅप्स म्हणत. म्हणजे हक्क कोणी हिरावून घेतलेला नाही. धारकाने तो हातातून निसटू दिला आणि तो वरच्याच्या पदरात पडला. हे दोन्ही शब्द आपल्या राज्यघटनेच्या २९६ व्या कलमात आजही शेजारी शेजारी नांदत आहेत; बेवारस मालमत्ता सरकारकडे कशी जाते, त्याचे ते कलम आहे.

आता व्याकरणाकडे लक्ष द्या. ‘अ‍ॅनेक्स’ सकर्मक आहे, त्याला कर्ता लागतो. कोणीतरी काहीतरी जोडून घेतो. ‘लॅप्स’ अकर्मक आहे. राज्य लॅप्स ‘होते’, जसा पाऊस पडतो किंवा पान गळते. सुनावणी झाली नाही, न्यायाधीश नव्हता, आणि लाभ होणारा पक्षच निकाल देणारा होता, ही सगळी गोष्ट या एका क्रियापदामागे अदृश्य होते.

पाठ्यपुस्तकांनी हे धोरण डलहौसीच्या नावावर चढवले आहे. डलहौसी जानेवारी १८४८ मध्ये आला. मी राहते ते खांदेश्वर पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात येते. या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, हे हार्बरच्या गाडीत बसलेल्या माझ्या वयाच्या बहुतेकांना ठाऊक नसते. अलिबागचे कुलाबा संस्थान आंग्र्यांचे, कान्होजी आंग्र्यांच्या वंशाचे. १८१८ नंतर ते कंपनीच्या छायेखाली आले. १८३८ च्या अखेरीस रघोजी आंग्रे वारले तेव्हा त्यांची पत्नी गरोदर होती. मुलगा झाला, त्याचे नाव पुन्हा कान्होजीच ठेवले, आणि ते मूल वर्षभरातच गेले. यशोदाबाईंनी दत्तकाची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली आणि १८४० च्या सुमारास कुलाबा कंपनीच्या मुलखात गेले. डलहौसी येण्याच्या आठ वर्षे आधी, मुंबईच्या अगदी समोर, हे घडून गेले होते. त्याहीपूर्वी, १८२४ मध्ये, बेळगावजवळच्या कित्तूरला दत्तक अमान्य झाल्यावरूनच राणी चन्नम्मा लढायला उभी राहिली होती.

कंपनीच्या संचालकांनी १८३४ मध्ये लिहून ठेवले होते की दत्तकाला संमती हा अपवाद असावा, नियम नव्हे, आणि ती केवळ विशेष मेहेरबानी म्हणून द्यावी. १८४१ मध्ये, कुलाब्याचा विषय ताजा असताना, धोरण आणखी स्पष्ट झाले : न्याय्य आणि सन्मान्य मार्गाने मिळणारा मुलूख किंवा महसूल सोडायचा नाही. ‘न्याय्य’ आणि ‘सन्मान्य’ ही विशेषणे पुढे फार उपयोगी पडली.

इथे आणखी एक जोडी पाहण्यासारखी आहे : ‘रेकग्नाइज’ आणि ‘सँक्शन’. पहिल्याचा अर्थ, झालेली गोष्ट मान्य करणे. दुसऱ्याचा, व्हायच्या गोष्टीला मंजुरी देणे. धर्मशास्त्राने दत्तकविधानात राजाला कळवावे असे सांगितले आहे, आप्तांना बोलवावे असेही सांगितले आहे. कळवणे आणि परवानगी मागणे एक नव्हे. आप्तांना निमंत्रण दिले म्हणून कोणी त्यांना नकाराधिकार देत नाही. मोगल आणि मराठे दोघेही नव्या वारसाकडून नजराणा घेत. त्या नजराण्यावरून इंग्रजांनी अनुमान काढले की वरच्या सत्तेची मंजुरी नसेल तर दत्तक निष्फळ. त्यातही त्यांनी एक बारीक फट ठेवली : दत्तक मुलगा धर्मकृत्ये करील, खासगी मालमत्ता घेईल, फक्त राज्य घेऊ शकणार नाही. बापाचा मुलगा तो खरा, पण राजाचा नव्हे.

आता सातारा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तीस वर्षांत शब्द कसे उतरत गेले ते या एका प्रकरणात पायरीपायरीने दिसते.

फेब्रुवारी १८१८. बाजीराव पळत आहे, प्रतापसिंह महाराज त्याच्या ताब्यात आहेत. एल्फिन्स्टन सातारा घेतो आणि जाहीरनामा काढतो. मराठा सरदारांना आणि प्रजेला बाजीरावापासून तोडणे हा त्याचा हेतू, म्हणून भाषा उदार आहे. महाराजांची सुटका करून त्यांना ‘इंडिपेंडंट सॉव्हरिन्टी’च्या, म्हणजे स्वतंत्र सार्वभौम सत्तेच्या, शिरोभागी बसवले जाईल असे त्यात म्हटले आहे. तेवढ्याच वाक्यात एक पुस्तीही आहे : तिचा विस्तार महाराजांना आणि कुटुंबाला सुखाने व इतमामाने राहता येईल एवढाच. त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले.

२५ सप्टेंबर १८१९. तह झाला. सातारा दरबारात कंपनीचा प्रतिनिधी जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. तहात ‘सॉव्हरिन्टी’ शिल्लक आहे. महाराज, त्यांचे पुत्र, वारस आणि उत्तराधिकारी यांनी कायम सार्वभौमत्वाने राज्य करावे असे शब्द आहेत. ‘इंडिपेंडंट’ मात्र गळाले आहे. त्याच्या जागी ‘सबॉर्डिनेट को-ऑपरेशन’ आले : दुय्यमपणाने सहकार्य. को-ऑपरेशन म्हटले की दोघे समान वाटतात, सबॉर्डिनेट म्हटले की एक खाली जातो. हे दोन शब्द एकत्र ज्याला सुचले त्याच्या लेखणीला दाद द्यावीशी वाटते.

पुढे १८३९ मध्ये प्रतापसिंहांना कटाच्या आरोपावरून पदच्युत करून काशीला पाठवले गेले आणि धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले. प्रतापसिंह ऑक्टोबर १८४७ मध्ये वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेबही गेले. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी विधिवत दत्तक घेतला होता.

सगळा वाद ‘हेअर्स अँड सक्सेसर्स’ या तीन शब्दांवर आला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत सरळ होते : तह हिंदू राजाशी झाला आहे, तेव्हा वारस म्हणजे हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे वारस, आणि त्यात दत्तक येतो. क्लार्क यांचा कार्यकाळ लगेच संपला. त्यांच्या जागी आलेले फॉकलंड आणि कौन्सिलमधील विलोबी उलट बाजूचे होते. डलहौसीने निर्णायक टिपण लिहिले. त्याचा आशय असा : हे शब्द त्यांच्या नेहमीच्या अर्थानेच वाचावेत, तहात काही विशेष शब्दयोजना नसेल तर त्यांतून नैसर्गिक, म्हणजे रक्ताच्या, वारसांपलीकडे काही निघत नाही.

‘नेहमीचा अर्थ’ कोणाच्या देशातला? इंग्लंडमध्ये दत्तक घेण्याची कायदेशीर सोयच तेव्हा नव्हती. ती १९२६ च्या कायद्याने आली. वारस परमेश्वर निर्माण करतो, माणूस नव्हे, अशी तिथल्या जुन्या कायदेपंडितांची धारणा. त्या कानाला ‘हेअर’ म्हटले की रक्त ऐकू येणार. आपल्याकडच्या सनदांत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ अशी शब्दयोजना असते. त्यातला पुत्र औरसही असतो आणि दत्तकही. पण सर्वांत बोलका पुरावा खुद्द सातारच्या वंशावळीत आहे. थोरल्या शाहू महाराजांनी रामराजांना दत्तक घेतले. रामराजांनी १७७७ मध्ये वावीच्या भोसल्यांतील मुलगा दत्तक घेतला, तेच धाकटे शाहू. प्रतापसिंह या धाकट्या शाहूंचे पुत्र. म्हणजे १८१९ चा तह ज्या राजाशी झाला त्याचे वडील दत्तक होते. त्या घराण्याशी तह करताना वारस शब्दात दत्तक येतो की नाही याविषयी संशय घेणे म्हणजे ज्याची सही घेतली त्याच्याच हक्काविषयी संशय घेणे.

संचालकांनी जानेवारी १८४९ मध्ये निकाल कळवला. टकर यांच्यासारख्या काही जुन्या संचालकांनी लेखी विरोध नोंदवला. बहुमत डलहौसीच्या बाजूने होते. निकालपत्रात साताऱ्याला म्हटले आहे ‘डिपेंडंट प्रिन्सिपॅलिटी’, अवलंबून असलेले संस्थान. आणि अशा संस्थानाचा वारसा सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून दत्तकाकडे जात नाही. १८१८ ला इंडिपेंडंट, १८१९ ला सबॉर्डिनेट, १८४९ ला डिपेंडंट. दरम्यान कोणती लढाई झाली नाही, कोणता प्रदेश गेला नाही. फक्त विशेषणे बदलली.

रंगो बापूजी गुप्ते प्रतापसिंहांच्या बाजूने लंडनला गेले होते, ते १८५३ पर्यंत तिथेच भांडत राहिले. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे, ते मिळवून वाचा. परक्या भाषेतल्या एका शब्दाचा न्याय मागण्यासाठी हा माणूस चौदाएक वर्षे त्या भाषेच्या राजधानीत बसला. हाती काही आले नाही. १८५७ मध्ये त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्यात फाशी गेला आणि ते स्वतः दिसेनासे झाले.

डिपेंडंट हा शब्द किती सोयीचा होता ते करौलीने दाखवले. राजपुतान्यातील हे छोटे राज्य. १८५२ मध्ये तिथला राजा वारला, दत्तक मागे ठेवून. डलहौसीला लॅप्सचा मोह झाला होता. पण १८५३ मध्ये संचालकांनी कळवले की सातारा आणि करौली यांत फरक आहे : सातारा अलीकडचे, इंग्रजांच्या देणगीतून निर्माण झालेले, करौली जुने राजपूत राज्य, म्हणून ते ‘प्रोटेक्टेड अ‍ॅलाय’, संरक्षित मित्र. दत्तक मान्य झाला. संरक्षण दोघांनाही होते, दोघेही इंग्रजांना विचारल्याशिवाय परराज्याशी बोलू शकत नव्हते. एकाला मित्र म्हटले, दुसऱ्याला आश्रित. शिवछत्रपतींच्या गादीला अलीकडची देणगी म्हणणाऱ्या या वाक्यावर मी अधिक काही लिहीत नाही.

आणि आता झाशी, जिथे शब्दांतला भेद आपल्या बाजूने, अत्यंत नेमकेपणाने, मांडला गेला.

झाशीचे नेवाळकर मूळचे कोकणातले. १८१७ मध्ये रामचंद्ररावांशी कंपनीचा तह झाला, त्यातही वारस आणि उत्तराधिकारी हे शब्द होते. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्या दिवशी त्यांनी पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेतला होता, तो दामोदरराव. फेब्रुवारी १८५४ मध्ये लक्ष्मीबाईंनी गव्हर्नर जनरलला जो खलिता पाठवला त्यात दयेची याचना कमी आणि शब्दार्थाचा युक्तिवाद अधिक आहे. तहाच्या फारसी प्रतीत दोन शब्द आहेत : ‘वारिसान’ आणि ‘जानशीनान’. राणीचे म्हणणे असे की हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. वारिस म्हणजे रक्ताचे आणि भाऊबंदांतले वारस. जानशीन म्हणजे, ते नसतील तेव्हा जागेवर येणारे, दत्तकासह. तहाचा प्रत्येक शब्द मान्यतेपूर्वी तपासला जातो. एका शब्दाने भागत असताना दुसरा उगाच घातला असे मानता येणार नाही.

जानशीन शब्द फोडून पाहा. ‘जा’ म्हणजे जागा, ‘नशीन’ म्हणजे बसणारा. मुलगा असण्याची अट त्यात नाही. जागेवर बसणे एवढेच आहे. इंग्रजी ‘सक्सेसर’चाही अर्थ मागून येणारा एवढाच. इंग्रजी दस्तऐवजांत जोडशब्दांची हौस फार, हे खरे. आपण जमीनजुमला किंवा कागदपत्र म्हणतो तसे. इंग्रज अधिकाऱ्यांना हेअर्स अँड सक्सेसर्स ही तशीच एक जोडी वाटली असेल. पण दस्तऐवजातील कोणताही शब्द निरर्थक समजू नये हा अर्थ लावण्याचा नियम त्यांच्याच न्यायालयांचा आहे, आणि खलित्यातला युक्तिवाद नेमका त्या नियमावर उभा आहे. झाशीतील कंपनीचा अधिकारी एलिस यालाही राणीची बाजू पटलेली होती. शेजारच्या ओरछा आणि दतिया यांना दत्तक चालतो, मग झाशीला का नाही, असे त्याने वरिष्ठांना लिहिले.

डलहौसीने फेब्रुवारीच्या अखेरीस टिपण लिहून प्रकरण मिटवले. झाशीचे राजे मूळचे पेशव्यांचे सुभेदार, म्हणून अवलंबित; आणि १८३५ मध्ये एक दत्तक पूर्वीही मान्य झाला नव्हता. जानशीनाला उत्तर त्यात नाही.

१८५७ नंतर लॉर्ड कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्यांची शब्दयोजना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. औरस वारस नसल्यास राजाने हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे आणि आपल्या कुळाच्या रिवाजाप्रमाणे दत्तक घेतलेला ‘सक्सेसर’ मान्य आणि कायम केला जाईल, असे त्यांत आहे. ‘सँक्शन’ गेले, ‘रेकग्नाइज’ आले. धर्मशास्त्र आले, जे क्लार्क यांनी १८४८ मध्ये सांगितले होते. आणि दत्तकाला सक्सेसर म्हटले गेले, जे राणीने आठ वर्षांपूर्वी सांगितले होते. या नव्या वाचनाखाली १८७५ मध्ये नाशिकजवळच्या कवळाण्याचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, ते सयाजीराव गायकवाड. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा कोल्हापूरला दत्तक गेला, ते राजर्षी शाहू.

नागपूर मी जाणूनबुजून सोडले आहे. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये दत्तक न घेताच वारले आणि प्रश्न विधवांच्या दत्तकाधिकारावर आला. तिथले शब्द निराळे आहेत, राजवाड्यातल्या जडजवाहिराच्या लिलावाची हकीकतही त्याच प्रकरणात येते. त्यासाठी पुढचा धागा.